टिंब सरकलं

चाळीस वर्षं मी टिंबं शोधली,
ठाकूरद्वारच्या छापखान्यात, साठच्या बल्बखाली,
ओल्या गॅलीवर लाल पेन्सिल घेऊन.
एकदाच निसटलं.
चौऱ्याण्णव साली एका नगरसेवकाच्या शोकसभेच्या पत्रकात
‘तीव्र खंत’वरचं टिंब उडालं
आणि सबंध वॉर्डाने
त्याच्या निधनाबद्दल तीव्र खत व्यक्त केलं.
मालकांनी आठवड्याचा पगार कापला.
हसले मात्र सगळे, जुळाऱ्यासकट.
मीसुद्धा, जिन्यात जाऊन.

आता छापखाना नाही.
परळला अठराव्या मजल्यावर राहतो, गिरणीच्या जागेवर.
इथली रात्र पुरती काळी होतच नाही,
पुन्हा पुन्हा उकळलेल्या चहासारखी दिसते.
तारे मोजायला एका हाताची बोटं पुरतात,
त्यातलं एक विमान निघतं.

शेजारची शमिका घाडी, नववीतली,
लॅपटॉप घेऊन आली. शाळेचा प्रकल्प.
कुठल्याशा डोंगरावरच्या दुर्बिणीने काढलेली
आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं,
काही मिनिटांच्या अंतराने.
एकामागून एक उघडझाप करत बघायची.
“काका, तुमची नजर बारीक. काही हलतंय का सांगा.”
म्हणजे चार प्रुफं.
मी चष्मा पुसला.

काळ्यावर पांढरं, सवयीच्या उलट.
तारे जागच्या जागी, नीट ठोकून बसवलेले.
तिसऱ्या रात्री, दीडच्या सुमाराला, डाव्या कोपऱ्यात
एक टिंब
दर चित्रात केसभर सरकलं.
मी पेन्सिल उचलून पडद्यावरच गोल केला.
“काच आहे, काका!”
तो लाल ओरखडा अजून गेलेला नाही.

कळवलं. अर्जात नाव रोमन लिपीत भरावं लागलं.
दिगंबरातलं टिंब गेलं,
त्या जागी एक जाडजूड एम येऊन बसला.

मग माहिती येत राहिली, हप्त्याहप्त्याने.
मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला आहे.
सूर्याभोवतीची एक फेरी चार वर्षं पाच महिन्यांची.
रुंदी साधारण दोन किलोमीटर,
म्हणजे चिंचपोकळीच्या पुलापासून परळच्या नाक्यापर्यंत
(हिशेब शमिकाचा).
रंग कोळशाचा. शंभर किरण पडले
तर पाच परत करतो, बाकीचे ठेवून घेतो.
स्वतःभोवती बहुधा सात तासांत फिरतो,
आमच्या शिफ्टपेक्षा तासभर आधी सुटतो.
सध्या नाव नाही. साल, दोन अक्षरं, एक आकडा,
पगारपत्रकावर असायचं तसं.

“तिथे एक ग्रह व्हायचा होता,” तिने वाचून दाखवलं,
“गुरूने होऊ दिला नाही.”
हे मला वेगळं समजवायला नको.
जुळारी शब्द मांडत असतो,
शेजारून कुणा धिप्पाडाचं कोपर लागतं,
खिळे खाली.
क कुठे, काना कुठे, वेलांटी मोरीपर्यंत गेलेली.
तिथले तर साडेचार अब्ज वर्षं कुणी वेचलेलेच नाहीत.

गेल्या आठवड्यात कळलं,
हे टिंब एका जुन्या छायाचित्रातही आहे.
कुणीतरी वेगळंच काही शोधताना काढलेलं.
टिंब कोपऱ्यात, स्वच्छ. कुणी खूण केलेली नाही.
शमिकाचा चेहरा उतरला. “मग शोध कुणाचा?”
ते ठरायचंय अजून. कक्षा पक्की व्हायला फेऱ्या लागतात,
नाव त्याच्याही नंतर.
मी ट्रंकेतून पुस्तकं काढली,
माझ्या नजरेखालून गेलेली. तेरा उरलीत.
एकावरही माझं नाव नाही.
मुद्रितशोधक म्हणतात आम्हाला, मी म्हटलं,
बघ, शोधक आत आहेच की.
तिला पटलं नाही.
ती पुढची चार चित्रं उघडून बसली.

मी मात्र त्या छायाचित्राचं साल पुन्हा पाहिलं.
चौऱ्याण्णव.
दूर कुठेतरी, त्याच वर्षी, आणखी कुणाच्या तरी हातून
एक टिंब निसटलं होतं.
जिवंत असेल तर त्याला लिहावंसं वाटतं:
होतं असं, राव.
जिन्यात जाऊन हसून घ्या.